पाण्याखालची विमानं : हॉलंडमधले चार दिवस

२०२३ च्या सप्टेंबरात मी पहिल्यांदा लेकाकडे ॲम्स्टलवेनला आले होते. एका संध्याकाळी टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. डच मला कळत नाही, पण चित्र कळत होतं. अफाट पाणी, पाण्यात तराफा, तराफ्यावर क्रेन आणि क्रेनच्या पंज्यातून निथळणारा काळा चिखल. चिखलात एक पिळवटलेला पत्रा. मुलगा म्हणाला, "आई, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश बॉम्बर आहे. ऐंशी वर्षं पाण्याखाली पडलं होतं. सातांपैकी तिघं कधी सापडलेच नाहीत, त्यांच्यासाठी काढतायत."

मी मेथी निवडत होते. हात थांबला. ऐंशी वर्षांनी, तिघांसाठी?

"हाडं तरी मिळतील म्हणून," तो म्हणाला.

साताऱ्याला परतल्यावरही ते वाक्य मनातून गेलं नाही. का गेलं नाही ते पुढे येईलच. पुढच्या खेपेला मी एप्रिलअखेरीस आले आणि आल्या आल्या सांगून टाकलं, की बागा-संग्रहालयं राहिली तर राहू देत, मला ती विमानं पडलेल्या जागा बघायच्या आहेत. मुलाने रजा टाकली, सूनबाईने नकाशावर खुणा केल्या. जुन्या झाउडरझे समुद्राला उजवीकडून वळसा घालायचा आणि ४ मेच्या संध्याकाळी ड्रोंटनला पोचायचं, असं ठरलं.

दिवस पहिला, १ मे : अलमेरे

सकाळी फोनवर महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छांची रांग लागली होती. डब्यात थालीपिठं आणि लसणाची चटणी घेऊन निघालो. अर्ध्या-पाऊण तासात अलमेरे आलं. नवंकोरं शहर. १९६८ पर्यंत इथे पाणीच होतं. बांध घालून, पंप लावून माणसांनी ही जमीन समुद्राकडून मागून घेतली आहे. रस्त्यावरून चालताना आपण समुद्रसपाटीच्या तीन-चार मीटर खाली आहोत, हे मुलाने सांगितल्यावर मी उगाचच पायाखाली बघितलं.

शहराच्या कडेला मार्करमेर हे तळं. तळं म्हणायचं, पण पलीकडचा काठ धूसर. त्या दिवशी वारा होता, पाणी राखाडी होतं आणि दोन पांढरी शिडं लांबवर कलती होऊन चालली होती. याच पाण्यातून २०२० साली बीके ७१६ हे स्टर्लिंग जातीचं विमान बाहेर काढलं.

स्टर्लिंग हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश हवाई दलाचं पहिलं चार इंजिनांचं बॉम्बर. अंगाने प्रचंड, पण पंख आखूड. त्यामुळे फार उंच जाता येत नसे. वरून लँकॅस्टर ही दुसऱ्या जातीची ब्रिटिश बॉम्बर जायची आणि खालच्या थरात स्टर्लिंगवाले विमानविरोधी तोफांचा मार खात जायचे. बीके ७१६ हे २१८ व्या स्क्वाड्रनचं. २९ मार्च १९४३ च्या रात्री बर्लिनवर गेलं. घरी परतताना इथे पाण्यात कोसळलं. सात जण होते. सातही बेपत्ता.

२००८ साली जीवरक्षक बोटीच्या नांगराला एक लोखंडी तुकडा अडकला, तिथून शोध सुरू झाला. आधी हे दुसरंच विमान समजत होते. नंतर अभ्यासकांनी धागे जुळवले आणि नंबर पक्का झाला. काढायची पद्धत ऐकून मी थक्क झाले. पंजाने तळातला गाळ उपसायचा. तो जमिनीवर आणायचा. मग पाण्याच्या फवाऱ्याखाली, चाळणीवर, माणसांनी हातांनी तो तपासायचा. आधी बॉम्बनाशक पथक, त्यांच्यामागे हवाई दलाचे लोक आणि मग लष्कराचं ओळख पटवणारं पथक. आपल्याकडे तांदळातले खडे वेचतात, तसा गाळ वेचायचा. त्यात नावाची आद्याक्षरं असलेली सिगारेटची डबी मिळाली. मानवी अवशेषही मिळाले.

सूनबाईने विचारलं, "पण आई, विमानं इथेच एवढी का पडली?"

नकाशा बघितला की कळतं. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरून उडालेलं विमान जर्मनीतल्या रूर खोऱ्यातल्या कारखान्यांकडे किंवा बर्लिनकडे निघालं की वाटेत हॉलंड येणारच. म्हणून जर्मनांनी इथे रडारची साखळी उभारली. आकाशाचे चौकोन पाडले, प्रत्येक चौकोनाला एक शिकारी विमान नेमलं. लेउवार्डनसारख्या तळांवरून ती विमानं अंधारात उठायची, जमिनीवरचा माणूस रडार बघून वैमानिकाला वाट सांगायचा. जाताना एकदा आणि येताना एकदा, असं दोनदा हे जाळं ओलांडावं लागे. युद्धाच्या पाच वर्षांत या चिमुकल्या देशात दोन्ही बाजूंची मिळून साडेपाच हजारांच्या आसपास विमानं पडली. किती म्हणजे किती, तर देशभर फिरताना आपण कुठल्या ना कुठल्या अपघाताच्या जागेपासून फार लांब नसतोच.

२०१९ पासून डच सरकारने ठरवून कार्यक्रम हाती घेतला आहे. ज्या अवशेषांत अजून माणसं असण्याचा संभव आहे आणि जे काढता येण्याजोगे आहेत, असे विमानांचे तीस ते पन्नास सांगाडे बाहेर काढायचे. खर्च सरकार पालिकांना देतं. मरणारे इंग्रज, कॅनडावाले, ऑस्ट्रेलियावाले. पैसा डच करदात्यांचा. मुलगा म्हणाला, "माझाही." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती.

किनाऱ्यावरच्या बाकावर थालीपिठं खाल्ली. स्मारकही आहे शहरात, तिथे गेलो, सात नावं वाचली. पण माझं लक्ष पाण्यावरच होतं.

दिवस दुसरा, २ मे : कास्ट्रिकुम आणि बर्गन

आज उत्तर समुद्राच्या बाजूला. कास्ट्रिकुमला गाडी लावून वाळूच्या टेकड्यांमधून चालत गेलो. आमच्या गुहागर-वेळणेश्वरची वाळू काळसर, ही पांढरट, बारीक, वाऱ्याबरोबर नाकातोंडात जाणारी. माणसं कमी. एक बाई घोड्यावरून पाण्याच्या कडेने गेल्या.

याच ठिकाणी १७ मे १९४३ च्या पहाटे तीनच्या सुमाराला एजे-ए हे लँकॅस्टर पडलं. वैमानिकाचं नाव मेल्विन यंग. मित्र त्याला 'डिंगी' म्हणत. डिंगी म्हणजे रबरी होडी. आधी दोनदा त्याचं विमान समुद्रात उतरलं होतं आणि दोन्ही वेळा तो रबरी होडीतून वाचला होता. ऑक्सफर्डचा वल्हवणारा गडी, १९३८ च्या केंब्रिजविरुद्धच्या प्रसिद्ध शर्यतीत तो बोटीत होता. त्या रात्री ६१७ व्या स्क्वाड्रनची १९ विमानं जर्मनीतली धरणं फोडायला गेली होती. पाण्यावर टप्पे घेत जाणारा बॉम्ब बनवला होता बार्न्स वॉलिस या इंजिनिअरने. यंगचा बॉम्ब मोहने धरणाला बरोबर जागी बसला आणि भिंत खचायला लागली, पुढच्या विमानाच्या बॉम्बने ती फुटली. काम झालं. जर्मनी ओलांडली, हॉलंड ओलांडलं, समुद्र दिसला, घर समोर. आणि किनाऱ्यावरच्या शेवटच्या तोफांनी वेध घेतला.

१३३ जण गेले होते. ८ विमानं परतली नाहीत. ५३ जण मेले, तिघं कैद झाले. एका रात्रीत.

पुढच्या काही दिवसांत समुद्राने यंग आणि त्याच्या सहा सोबत्यांना एकेक करून याच किनाऱ्यावर आणून सोडलं. त्यांना जवळच्या बर्गन गावात पुरलं. दुपारी तिथे गेलो.

गावचं साधं कब्रस्तान. पुढे डच कुटुंबांची थडगी आणि मागे पांढऱ्या दगडांच्या रांगा. राष्ट्रकुलातल्या दोनशेहून अधिक सैनिकांच्या, आणि त्यातले बहुतेक हवाई दलाचे. मी गुडघ्यावर बसून एक दगड नीट बघितला. वरती कोरलेला गरुड, त्याभोवती लॅटिन बोधवाक्य. खाली नंबर, हुद्दा, नाव. मग त्याचं काम, म्हणजे पायलट, नॅव्हिगेटर, एअर गनर. तारीख. वय. मध्ये क्रूस. आणि अगदी तळाला, जिथे गवत दगडाला टेकतं तिथे, घरच्यांनी पाठवलेली एखादी ओळ. ती वाचायला गवत बोटांनी बाजूला करावं लागतं. एका दगडावर वय २० होतं, शेजारच्यावर २१. गवत नुकतंच कापलेलं, पायथ्याशी प्रत्येकाला एखादं फुलझाड, आणि दगडाच्या कडेवर मुंगी चढत होती.

यंगचं वय २७. अठ्ठाविसावा वाढदिवस तीन दिवसांवर आला होता.

सूनबाई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, मला यांच्याबद्दल वाईट वाटतंय. पण धरण फोडल्यावर खाली काय झालं असेल?"

बरोबर विचारलं तिने. मोहनेचं पाणी रात्रीच्या अंधारात खोऱ्यात शिरलं आणि तेराशेहून जास्त माणसं बुडाली. त्यात निम्म्याहून अधिक परदेशी होती, पूर्व युरोपातून बळजबरीने कामाला आणलेली माणसं, छावणीत कोंडलेल्या बायका. आमच्या पिढीला पानशेत आठवतं. १२ जुलै १९६१. पुण्यात आमचे नातेवाईक होते, ते सांगायचे, पाणी आलं तेव्हा आवाज आधी आला. म्हणून मला धरण फुटणं ही नुसती मोहीम म्हणून वाचता येत नाही. आणि पुढे त्याच उन्हाळ्यात हांबुर्ग जळालं, तिथे हजारोंनी माणसं मेली. आकाशातली पोरं खरी आणि तळघरातली पोरंही खरी. मी सुनेला एवढंच म्हटलं, की रडायचं तर दोघांसाठी रडावं. दगडावर नाव आहे म्हणून एकालाच निवडायचं नाही.

बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर विभागाचे, आकडे मुलाने लिहून आणले होते. साधारण १ लाख २५ हजार जण विमानातून उडाले. ५५,५७३ मेले. शंभरातले चव्वेचाळीस. एका फेरीत तीस मोहिमा पुऱ्या करायच्या, की सुटी. सगळे स्वतःहून आलेले, कुणाला जबरदस्तीने विमानात बसवलं नव्हतं. बॉम्बरचं आयुष्य असं विचित्र, की संध्याकाळी गावातल्या दुकानात चहा प्यायचा, रात्री बर्लिनवर जायचं आणि सकाळी पुन्हा आपल्या पलंगावर झोपायचं. किंवा शेजारचा पलंग रिकामा बघायचा.

मुलाने एक गोष्ट सांगितली ती इथे लिहायलाच हवी. लंडनच्या हवाई दलाच्या संग्रहालयात एक जुनं लँकॅस्टर ठेवलेलं आहे, आर ५८६८, 'एस फॉर शुगर'. नाकावर रंगवलेल्या बॉम्बच्या खुणांची रांगच्या रांग, १३७ मोहिमांची. या विमानातून उडालेल्यांत शैलेंद्र एकनाथ सुखटणकर हे नाव आहे. आपल्या कोकणपट्टीतलं आडनाव. काम नॅव्हिगेटरचं, म्हणजे काळोखात पेन्सिल, पट्टी आणि घड्याळ घेऊन वाट काढायची. ४५ मोहिमा, डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक, आणि जिवंत परत. तीस पुऱ्या करणं जिथे दैवाची गोष्ट, तिथे पंचेचाळीस. हे नाव आपल्याकडे शाळेत कुणी कसं सांगितलं नाही, याची मला खंत वाटते.

दिवस तिसरा, ३ मे : आफस्लाउटडाइक, हार्लिंगन

सकाळपासून पाऊस. उत्तरेला जाणारा रस्ता ३२ किलोमीटरच्या बांधावरून जातो. नाव आफस्लाउटडाइक, म्हणजे बंद करणारा बांध. १९३२ साली तो पुरा झाला आणि झाउडरझे नावाचा समुद्र आयसेलमेर नावाचं गोडं तळं झाला. डावीकडे खारं पाणी, उजवीकडे गोडं, मध्ये आपण. डोंगरात वाढलेल्या माणसाला एवढं सपाट आणि सरळ काही बघायची सवय नसते.

मधोमध ब्रेझांडडाइक नावाची जागा आहे. गाडी थांबवली. माझं टीव्हीवरचं विमान इथलं.

ईडी ६०३. लँकॅस्टर, ८३ वं स्क्वाड्रन. १२ जून १९४३ च्या रात्री रूरमधल्या बोखुमवर निघालेलं. शिकारी विमानाने गाठलं आणि ते या पाण्यात गेलं. चौघांचे देह पुढच्या दिवसांत काठाला लागले आणि त्यांना काठच्या गावांत पुरलं. तिघं खालीच राहिले. पाणी इथे फार खोल नाही, तीन-चार मीटर असेल. आपल्या गावच्या विहिरीपेक्षाही कमी. त्याच्यावरून ऐंशी वर्षं होड्या गेल्या.

पावसात बांधावर उभी राहून मी बघत होते. काही नाही दिसत. लाटा आणि बगळ्यासारखे दोन पक्षी. मुलाने छत्री धरली होती, ती वाऱ्याने उलटी झाली. तो म्हणाला, "आई, चल, भिजशील." मी म्हटलं, थांब जरा.

दुपारी हार्लिंगन. बंदर आहे, बेटांवर जाणाऱ्या बोटी इथून सुटतात. गरम किबलिंग खाल्लं, म्हणजे पिठात घोळवून तळलेले माशाचे तुकडे, आणि पाऊस ओसरल्यावर कब्रस्तानात गेलो. तिथे जेम्स मॅकडॉवेल आहे. तोही धरणांच्या त्या रात्रीचा. व्हर्नन बायर्स या कॅनडाच्या वैमानिकाचं विमान, त्यातला हा शेपटातला गनर. धरणापर्यंत पोचायच्या आधीच, टेक्सेल बेटाजवळ तोफेचा गोळा लागून विमान समुद्रात गेलं. मॅकडॉवेलचा देह काही आठवड्यांनी पाण्याने दिला. बाकीचे सहा आजतागायत नाहीत. त्यांची नावं लंडनजवळच्या रनिमीडच्या स्मारकावर आहेत, थडगं नसलेल्या वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांच्या नावांमध्ये.

शेपटातला गनर म्हणजे काय ते मुलाने सांगितलं. बाकीचे सहा पुढे. हा एकटा पार मागे, काचेच्या फिरत्या घुमटात, पाय आखडून, आठ-आठ तास. थंडी शून्याच्या खाली चाळीसपर्यंत जायची. पॅराशूट आत मावत नसे म्हणून ते पाठीमागे विमानाच्या पोटात टांगलेलं. आग लागली, तर आधी घुमटाची दारं उघडून मागे वळायचं, पॅराशूट ओढून घ्यायचं, छातीला अडकवायचं आणि मग उडी. एवढा वेळ मिळाला तर. तो समोर बघतच नसे. आपण जिथून आलो तेच त्याला दिसत राहायचं.

रात्री हार्लिंगनच्या छोट्या हॉटेलात झोप येईना. तेव्हा मी मुलाला ते सांगितलं, जे त्याने अर्धंमुर्धं ऐकलं होतं.

माझ्या आईचा मामा मराठा पलटणीत होता. आईचं आजोळ साताऱ्याजवळचं. त्या भागात घरटी एक माणूस लष्करात. हा १९४२ साली भरती झाला, इटलीत गेला आणि १९४४ च्या दिवाळीनंतर तार आली. 'बेपत्ता.' मेला असं नव्हतं लिहिलेलं. पणजीने ती तार देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवली. भटजींनी सांगितलं, बारा वर्षं वाट बघा, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी करता येतो. बारा वर्षं झाली. पणजी म्हणाली, माझ्या पोराला पानांचा करून जाळायचं नाही. सर्वपित्रीला सगळ्यांची पानं मांडली जायची. सासऱ्याचं, नवऱ्याचं, लहानपणी गेलेल्या दोन लेकरांचं. त्याचं नाही. "तो आला की जेवेल," म्हणायची. मामीआजीने शेवटपर्यंत कुंकू लावलं. मी लहान असताना तिला बघितलं आहे. कपाळावर रुपयाएवढं, लालभडक. गावातल्या बायका हळदीकुंकवाला तिला बोलवायच्या, पण ओटी भरताना हात अडखळायचे.

पणजी गेली १९७१ ला. डबा कुठे गेला, माहीत नाही.

मुलगा अंधारात म्हणाला, "आई, त्यांचं पूर्ण नाव सांग. वडिलांचं नावही. सैनिकांच्या नोंदी इंटरनेटवर आहेत." मी नाव सांगितलं. तो फोनवर शोधायला लागला आणि त्या नावाचे इतके निघाले, की मलाच डोळा लागला.

दिवस चौथा, ४ मे : पोल्डर, ट्युलिप, ड्रोंटन

पाऊस गेला. धुतलेलं ऊन. लेमरमार्गे दक्षिणेला उतरलो आणि रस्ता एकदम खाली गेला. हा नोर्डोस्टपोल्डर. पोल्डर म्हणजे पाणी उपसून मिळवलेली जमीन. हा १९४२ साली कोरडा केलेला. म्हणजे युद्ध चालू असतानाच. विमानं पाण्यातही पडत होती आणि पाण्यातून नुकत्याच वर आलेल्या चिखलातही. ड्रोंटनचा भाग पुढे १९५७ ला कोरडा झाला.

पाणी हटलं तशी विमानं वर आली. शेतकरी नांगर घालायचा आणि फाळ कशावर तरी खणकन वाजायचा. गेरी झ्वानेनबर्ग नावाचे डच हवाई दलाचे अधिकारी होते, त्यांनी वर्षानुवर्षं हेच काम केलं. खणायचं, इंजिनाचे नंबर जुळवायचे, कोण होते ते शोधायचं आणि इंग्लंड-कॅनडात कुणाच्या तरी आईला, बहिणीला कळवायचं. सरकारी कार्यक्रमाच्या कितीतरी आधीपासून.

आता विमान पडलेल्या जागांजवळ रस्त्याच्या कडेला खांब लावले आहेत. खांबावर पाटी. कोणतं विमान, कोणती रात्र, किती जण, त्यातले किती वाचले. एका खांबाशी थांबलो तर मागे ट्युलिपचं शेत. शेवटची फुलं, निम्मी खुडलेली. फुलं मुद्दाम तोडतात, कांद्याला जोर यावा म्हणून. लाल पाकळ्यांच्या सऱ्या जमिनीवर पडल्या होत्या आणि यंत्र लांबून हळूहळू आमच्याकडे येत होतं. चालवणाऱ्या शेतकऱ्याने आम्हाला बघून हात केला. त्याच्यासाठी हा खांब म्हणजे बांधावरचा म्हसोबा असावा, रोज दिसणारा.

एक गोष्ट मला राहून राहून नवलाची वाटते. दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी हॉलंडवरही बॉम्ब टाकलेत, चुकून. फेब्रुवारी १९४४ मध्ये अमेरिकनांनी नायमेखनवर टाकले, आठशेच्या आसपास माणसं गेली. मार्च १९४५ मध्ये ब्रिटिशांनी हेगच्या वस्तीवर टाकले, पाचशेहून अधिक गेली. तरी या लोकांनी थडगी सांभाळली. दक्षिणेला मार्खराटेनच्या अमेरिकन दफनभूमीत आठ हजारांवर थडगी आहेत आणि एकेक थडगं एकेका डच घराने दत्तक घेतलं आहे, वारसाहक्काने मुलांकडे जातं. घरातल्या देवासारखं.

संध्याकाळी ड्रोंटन. ४ मे हा इथला स्मरणदिन. घरोघरी झेंडे अर्ध्यावर. गावाच्या चौकात एका चौथऱ्यावर लँकॅस्टरचा पंखा उभा आहे, पोल्डरमधून निघालेला. १९६५ पासून तो तिथे आहे, विमानातल्या गनरांच्या आणि सगळ्या दोस्त वैमानिकांच्या नावाने. लोक जमत होते. सायकली भिंतीला टेकवलेल्या, कडेवर पोरं, हातात फुलं. एक आजोबा छातीवर पदकं लावून चाकाच्या खुर्चीत. कुणी कुणाला ढकलत नव्हतं.

आठला दोन मिनिटं कमी असताना तुतारीसारखं वाद्य वाजलं. बरोबर आठला ते थांबलं आणि सगळा देश दोन मिनिटं गप्प झाला. गाड्या थांबतात, दुकानं थांबतात. माझ्यापुढे एक पाच-सहा वर्षांची मुलगी होती, तिने आईचा कोट घट्ट धरून श्वाससुद्धा रोखला होता. पंख्याच्या पात्यावर ऊन होतं. मला तिथे पणजी आठवेल असं वाटलं होतं. आठवली ती मामीआजी, आरशाच्या तुकड्यात बघून मेण लावणारी, त्यावर पिंजर दाबणारी.

मग राष्ट्रगीत झालं, फुलं ठेवली गेली. आमच्याकडे फुलं नव्हती. शेताच्या कडेला पडलेलं एक लाल ट्युलिप सूनबाईने उचलून ठेवलं होतं, ते तिने ठेवलं.

गाडीत बसल्यावर मुलगा म्हणाला, "आई, काल रात्री एक मिळालंय. तुला सकाळीच सांगणार होतो, पण खात्री करून घेत होतो." त्याने फोन पुढे केला. राष्ट्रकुलाच्या नोंदवहीतलं पान. शिपाई, मराठा लाइट इन्फंट्री. वडिलांचं नाव बरोबर. बायकोचं नाव बरोबर. गावाच्या नावाची अक्षरं साहेबाच्या कानाला ऐकू आली तशी, पण गाव तेच, पुढे सातारा. कासिनो स्मारक, इटली. आणि तारीख. ऑक्टोबर १९४४ मधली, दिवसासकट.

मी ते पान चार वेळा वाचलं. भारतात मध्यरात्र उलटायला आली होती, तरी गावी मामेभावाला फोन लावला. तो झोपेतून उठला, आधी घाबरला. सगळं सांगितल्यावर बराच वेळ नुसता हं हं करत राहिला. मग म्हणाला, "तारीख परत सांग, लिहून घेतो. सकाळी साताऱ्याला गुरुजींकडे जातो, त्यांच्याकडे जुनी पंचांगं आहेत. तिथी काढून आणतो."